पाण्याची भटकंती आणि देहाची घडण

पारोळ्याच्या शिवारातील कपाशीचे उभे पीक डोळ्यांपुढे आणावे. सरीने चालणारा माणूस झपाझप पुढे जातो. आडवे जावयाचे म्हटले की पावलोपावली झाड आड येते. डोळे बांधलेली शंभर माणसे या शेतात सोडली आणि घटकाभराने ती कोठे पोहोचली एवढेच आपणांस कळले, तर शेत न पाहताही सऱ्या कोणत्या दिशेच्या आहेत हे सांगता येईल. देह न चिरता त्याची सूक्ष्म घडण ओळखण्याची जी युक्ती शास्त्रज्ञांस साधली, ती याहून फारशी निराळी नाही. माणसांच्या जागी पाण्याचे रेणू आहेत, इतकेच.

पाण्यातील सूक्ष्म कण सारखे थरथरत असतात, हे रॉबर्ट ब्राऊन याने 1827 साली पाहिले. त्या थरथरीचे गणित आइनस्टाइनने 1905 साली मांडले. वेळ चौपट दिला तर अंतर दुपटीनेच वाढते, असा हा भटक्याचा हिशेब आहे. देहाइतक्या उबदार मोकळ्या पाण्यात रेणू सेकंदाच्या विसाव्या भागात एका दिशेने सुमारे 17 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे 17 हजारांश सरकतो. आपल्या पुष्कळशा पेशींचे आकारही याच मापाचे! तेव्हा रेणू वाटेत पेशींच्या आवरणांवर आदळणारच, आणि त्याची चाल खुंटणारच.

ही चाल मोजावयाची कशी? ब्लॉक व पर्सेल यांनी 1946 साली दाखविले की, चुंबकाच्या क्षेत्रात हायड्रोजनची केंद्रके ठराविक कंपनाला साद देतात. 1950 साली हान यास या सादेचा प्रतिध्वनी मिळविता आला. पण क्षेत्र एका बाजूस किंचित प्रबळ असेल, तर जागा सोडून भटकलेल्या केंद्रकांचा ताल चुकतो व प्रतिध्वनी क्षीण होतो. मापनातला हा उपद्रवच होय; कार व पर्सेल यांनी 1954 साली त्याच्यावरूनच पाण्याच्या भटकंतीचे, म्हणजे विसरणाचे, माप काढले. क्षेत्रातील हा चढउतार क्षणभर देऊन लगेच काढून घेण्याची रीत स्टेस्कल व टॅनर यांनी 1965 साली बसविली, आणि आजचे मापन मुख्यतः तिच्यावरच उभे आहे.

या विद्येत आपली माणसे मागे नव्हती. स्टॅनफर्ड येथे एस. एस. धर्मट्टी यांनी अर्नोल्ड व पॅकार्ड यांच्यासह 1951 साली मद्यार्काच्या रेणूतील हायड्रोजनच्या तीन निरनिराळ्या सादा वेगळ्या करून दाखविल्या, व पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे काम उभे केले. त्याच वर्षी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सूर्यन यांनी वाहत्या द्रवाची साद मोजली. वाहत्या पाण्यापासून भटकत्या पाण्यापर्यंतचे अंतर फार नव्हते. तथापि देहाकडे वळणारे पाऊल पडले ते परदेशात, हे थोड्या खेदानेच सांगावे लागते.

लॉटरबर याने 1973 साली या सादांपासून चित्र काढले. 1985–86 च्या सुमारास पॅरिसमध्ये ल बियाँ याने त्या चित्रात विसरणाचे माप भरले. खरी कसोटी 1990 साली लागली. सॅन फ्रान्सिस्को येथे मोझली व सहकाऱ्यांनी मांजरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा तोडला. नेहमीच्या चित्रांत अद्याप काहीही दिसत नसताना विसरणाच्या चित्रात तो भाग उजळून निघाला. रक्त तुटले की पेशींतील क्षार बाहेर टाकण्याची व्यवस्था बंद पडते, पेशी पाणी पिऊन फुगतात, मधल्या वाटा चिंचोळ्या होतात आणि पाण्याची चाल तीस ते पन्नास टक्क्यांनी मंदावते. गुठळी विरघळविण्याचे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावयाचे असते. अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाला घेऊन पारोळ्याहून धुळ्याच्या वाटेला लागलेल्या घरच्यांस या तासांची किंमत कोणी समजावून सांगावयास नको.

मज्जातंतूंच्या जुड्यांत पाणी तंतूंच्या लांबीने अधिक धावते, आडवे कमी. निरनिराळ्या दिशांची मापे एकत्र गुंफण्याचे गणित बॅसर, मॅटिएलो व ल बियाँ यांनी 1994 साली दिले. मेंदूतील तंतूंची रंगीत रेखाचित्रे निघू लागली ती त्यानंतर. ती पाहून पुष्कळांस प्रत्यक्ष तंतूच पाहिल्यासारखे वाटते. ते खरे नव्हे. चित्रातल्या एका ठिपक्यात तंतूंच्या दोन जुड्या एकमेकींस छेदून गेल्या, तर हे साधे गणित गोंधळते. उभ्याआडव्या दोन्ही सऱ्या पाडलेल्या शेतात शंभर माणसांच्या चालीवरून जसा बोध होणार नाही, तसेच ते आहे. मेंदूवर शस्त्रक्रिया करणारा शहाणा वैद्य म्हणून ती रेघ प्रमाण मानीत नाही. रुग्णास जागे ठेवून, त्याला बोलावयास लावून, ती पडताळून पाहतो.