जालना जिल्ह्यातील आरोग्यसेवा संशोधन

आरोग्यसेवेत प्रत्यक्ष काम करणारे वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, आरोग्य सेवक-सेविका आणि आशा स्वयंसेविका यांनी आपल्याच कामातून उभे राहिलेले प्रश्न पद्धतशीरपणे तपासणे, याला आरोग्यसेवा संशोधन किंवा कार्यात्मक संशोधन असे म्हणतात. नवे औषध शोधणे हा त्याचा मुख्य हेतू नसतो. उपलब्ध उपचार लोकांपर्यंत का पोहोचत नाही, कोठे अडतो आणि काय बदलल्यास पोहोचेल, हे त्यात पाहिले जाते. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील जालना जिल्ह्यात अशा संशोधनाला लागणारी माहिती दररोज गोळा होते. तिचे संशोधनात रूपांतर करण्यासाठी लागणारे प्रशिक्षण, नैतिक मान्यता व सांख्यिकी साहाय्य मात्र बऱ्याच अंशी जिल्ह्याबाहेरील संस्थांकडून मिळवावे लागले आहे.

पार्श्वभूमी

औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांचे काही तालुके वेगळे करून १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा स्थापन झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १९,५९,०४६ असून जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रे व उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत, तर जिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात. या दोन्ही यंत्रणा आरोग्य सेवा उपसंचालकांच्या छत्रपती संभाजीनगर परिमंडळात मोडतात. जालना, परभणी, हिंगोली आणि छत्रपती संभाजीनगर हे या परिमंडळातील जिल्हे होत.

जिल्ह्यापुढील आरोग्यप्रश्न त्याच्या अर्थव्यवस्थेशी जोडलेले आहेत. वारंवार पडणारा दुष्काळ, कापसावरील कीटकनाशकांची फवारणी, जालना शहरालगतच्या पोलाद कारखान्यांतील उष्णता व आवाज, ऊसतोडीसाठी होणारे हंगामी स्थलांतर ही त्यांपैकी काही कारणे. कुटुंब ऊसतोडीला गेले की बाळाच्या लसीची तारीख चुकते. हे आरोग्य सेविकेला ठाऊक असते. पण अशी किती बाळे चुकली, ती परतल्यावर किती दिवसांनी सापडली आणि कोणत्या उपायाने लवकर सापडली, हे मोजले गेल्याशिवाय त्या अनुभवाचे धोरणात रूपांतर होत नाही.

कर्मचाऱ्यांकडील माहिती

एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम भारतात २००४ मध्ये सुरू झाला. त्यात आरोग्य कर्मचारी लक्षणांवरून (एस), वैद्यकीय अधिकारी संभाव्य निदानावरून (पी) आणि प्रयोगशाळा तपासणीवरून (एल) अशा तीन नमुन्यांत माहिती भरतात. क्षयरुग्णांची नोंद ‘निक्षय’ या प्रणालीत होते. माता व बालकांच्या नोंदी वेगळ्या, रुग्णालयांच्या मासिक नोंदी त्याहून वेगळ्या. एकाच सेविकेला एकाच रुग्णाबद्दल अनेक नोंदवह्या भराव्या लागतात आणि माहिती वरच्या कार्यालयाकडे जाते. ती विश्लेषित होऊन भरणाऱ्या व्यक्तीकडे परत येणे ही संशोधनास पोषक वातावरणाची पहिली पायरी मानली जाते, कारण आपण भरलेल्या आकड्यांचा उपयोग झालेला दिसला की नोंदींची अचूकताही सुधारते.

२ जानेवारी २०२१ रोजी कोविड-१९ लसीकरणाचा सराव महाराष्ट्रात पुणे, नागपूर, जालना व नंदुरबार या चार जिल्ह्यांत घेण्यात आला. प्रत्येक केंद्रावर २५ आरोग्य कर्मचाऱ्यांना लाभार्थी म्हणून बोलावून नोंदणीपासून निरीक्षण कक्षापर्यंतचा क्रम प्रत्यक्ष लस न देता तपासण्यात आला. औपचारिक अर्थाने हे संशोधन नव्हते. तथापि, मोठा कार्यक्रम राबवण्याआधी तो लहान प्रमाणावर चालवून त्यातील अडथळे शोधणे, ही कार्यात्मक संशोधनाचीच रीत आहे.

हिंमतराव बावस्कर यांचे कार्य

प्राथमिक आरोग्य केंद्रातून जागतिक दर्जाचे संशोधन होऊ शकते याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण जालना जिल्ह्यातील देहेड या गावी १९५१ मध्ये जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर हे आहे. (त्या वेळी हा भाग हैदराबाद राज्यात होता.) नागपूर येथे वैद्यकीय शिक्षण घेतल्यानंतर ते शासकीय सेवेत दाखल झाले आणि १९७६ मध्ये कोकणात, महाड तालुक्यातील बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने तेथे अनेक रुग्ण, विशेषतः मुले, दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम व श्वास यांच्या तासातासाच्या नोंदी ठेवल्या. हृदयावर येणारा ताण आणि फुफ्फुसात साचणारे पाणी हे मृत्यूचे कारण असल्याचे त्यांतून पुढे आले. दंशानंतर हृदयविकाराची पूर्वसूचना देणाऱ्या लक्षणांविषयीचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा वापर या दंशासाठी रूढ केला. स्वस्त आणि तोंडाने देता येणारे हे औषध खेड्यातील दवाखान्यातही वापरता येत असल्याने त्याचे महत्त्व अधिक होते. विंचूदंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आले. २०११ मध्ये त्यांनी प्रतिविष व प्राझोसिन यांच्या एकत्रित वापराची चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

हे उदाहरण प्रेरक असले तरी व्यवस्था म्हणून ते अपुरे आहे. रात्रभर रुग्णाशेजारी बसून नोंदी ठेवणारा वैद्यकीय अधिकारी प्रत्येक केंद्रात मिळेल, असे गृहीत धरून कोणतीही आरोग्यसेवा उभारता येत नाही.

प्रशिक्षण व साहाय्य

सेवेत असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी संशोधन प्रशिक्षणाची काही साधने उपलब्ध आहेत. चेन्नई येथील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने २००१ मध्ये क्षेत्रीय साथरोगशास्त्राचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. प्रशिक्षणार्थी बराच काळ क्षेत्रातच राहून सर्वेक्षणाच्या माहितीचे विश्लेषण, उद्रेकाचा तपास व कार्यक्रमाचे मूल्यमापन करतात. त्याच संस्थेचा संशोधनाची मूलतत्त्वे शिकवणारा अभ्यासक्रम ‘स्वयम्’ या मंचावर घरबसल्या करता येतो. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय क्षयरोग संघटना व ‘सीमापार डॉक्टर’ (एमएसएफ) यांनी सुरू केलेल्या आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने विस्तारलेल्या कार्यात्मक संशोधन अभ्यासक्रमाचे वैशिष्ट्य असे, की त्यात शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवल्याशिवाय प्रशिक्षण पूर्ण झाल्याचे मानले जात नाही.

केंद्रीय आरोग्य संशोधन विभागाच्या आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन एककांचा उद्देश ग्रामीण रुग्णालयाला संशोधन संस्थेशी जोडणे हा आहे. महाराष्ट्रात असे एकक पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे आहे.

जालना जिल्ह्यात बदनापूर तालुक्यातील वरुडी येथे खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जालना शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन राज्यातील इतर नऊ महाविद्यालयांबरोबर ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकांना पदोन्नतीसाठी शोधनिबंध आवश्यक असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील अधिकाऱ्याला तशी सक्ती नसते आणि त्यासाठी राखीव वेळही नसतो. शिवाय महाराष्ट्रात ही महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तर आरोग्य केंद्रे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत. संशोधनाची गरज एका विभागात आणि माहिती दुसऱ्या विभागात, अशी ही विभागणी आहे. दोघांनी मिळून अभ्यास केल्यास लेखकांच्या यादीत नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव येते की केवळ आभारात, हा प्रश्न किरकोळ नाही.

नैतिक बाबी

मानवी सहभाग असलेल्या संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत. त्यांनुसार अभ्यासापूर्वी नैतिकता समितीची मान्यता आणि सहभागींची माहितीपूर्ण संमती घ्यावी लागते. ज्या आशा स्वयंसेविकेकडून कुटुंबाला औषध व मदत मिळते तिनेच संमती मागितल्यास नकार देणे अवघड जाते. त्यामुळे नकार दिल्यास सेवेवर परिणाम होणार नाही, हे स्पष्ट सांगणे आवश्यक ठरते. लहान गावात नाव वगळले तरी वय, जात व आजार यांवरून व्यक्ती ओळखू येते, ही आणखी एक अडचण.

संशोधनाचा सेवेत वापर

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील महिलांना प्रशिक्षित करून घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत तपासली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. केंद्र सरकारने २०११ मध्ये या पद्धतीवर आधारित कार्यक्रम आशांमार्फत देशभर सुरू केला. दवाखान्यात प्रसूती झाली असल्यास आशा बाळाच्या जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते व बाळाचे वजन, तापमान आणि स्तनपान यांची नोंद करते. जालना जिल्ह्यातील आशाही याच वेळापत्रकानुसार गृहभेटी देतात.