वऱ्हाडचा पाऊस आणि समुद्रावरचा वारा

१/
अकोल्याहून अरबी समुद्र चारशेहून अधिक किलोमीटर दूर. तरीही इथल्या पेरणीची तारीख समुद्रावरचा वारा ठरवतो. हा वारा मोजण्याची विद्या माणसाला कशी साधली, आणि ती साधण्यापूर्वी १८९९ साली वऱ्हाडात काय घडले, याविषयी हा थ्रेड.

२/
आधी भूगोल. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. जमीन काळी, कसदार. भूजल मात्र खारट. विहीर खोदून ओलीत करावे, तर ते पाणी पिकाला मानवत नाही. म्हणून येथील शेती आभाळाच्या भरवशावर.

३/
नैर्ऋत्येकडून येणारे वारे बरेचसे पाणी कोकणात आणि सह्याद्रीवर सांडून येतात. वऱ्हाडला भरीव पाऊस मिळतो तो बहुधा बंगालच्या उपसागरात जन्मून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांतून. एका प्रदेशाचे दैव दोन समुद्रांच्या हाती!

४/
१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि इंग्रजांची नजर या काळ्या मातीवर स्थिरावली. रेल्वे आली, खामगाव आणि अमरावतीच्या बाजारपेठा भरभराटल्या. पावसाचा प्रश्न आता सरकारी महसुलाचाही झाला.

५/
१८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून मान्सूनचे अनुमान बांधले. १८८६ पासून असे अंदाज नियमित निघू लागले. त्यांचे उत्तराधिकारी जॉन इलियट यांनी त्यात हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाकडील परिस्थितीही जोडली. दिशा योग्य होती. अडचण एवढीच की समुद्राची वार्ता जहाजांच्या नोंदवह्यांतून येई, आणि जहाज बंदरी लागेपर्यंत तो वारा केव्हाच निघून गेलेला असे.

६/
१८९९ साली इलियट यांचा अंदाज चांगल्या पावसाचा होता. प्रत्यक्षात मान्सून सपशेल फसला. १८९६–९७ च्या दुष्काळातून वऱ्हाड अद्याप सावरलेही नव्हते. १८९१ च्या शिरगणतीत सुमारे २९ लाख असलेली प्रांताची लोकसंख्या १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली.

७/
यावर सरकारने काय करावे? १९०२ ते १९०५ या काळात दीर्घ मुदतीचे अंदाज गोपनीय ठेवले! अंदाज सुधारण्यापेक्षा झाकणे सोपे, हा कारभाराचा जुना रिवाज. मात्र सगळे खापर इलियट यांच्यावर फोडणे मला अन्यायाचे वाटते. ज्या समुद्रावर मान्सून घडतो, तो त्यांच्या नकाशावर बहुतांशी कोराच होता.

८/
१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. जगभरच्या आकडेवारीतून त्यांनी प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोका शोधला. त्यालाच ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हणतात. (बुलढाण्यातील भेंडवळच्या घटमांडणीत आजही मातीच्या चार ढेकळांवरून चार महिन्यांचा पाऊस वाचतात. ते शास्त्र नव्हे. पण अंदाजाची भूक किती जुनी, हे त्यातून कळते.)

९/
पुढचा धागा अनपेक्षित ठिकाणी सापडतो. दुसऱ्या महायुद्धात रडारवर शत्रूची जहाजे शोधताना समुद्राकडून नकोसा गोंगाट परत येई. वारा जितका जोरात, तितका गोंगाट मोठा. हा अडथळा हेच मोजमापाचे साधन ठरू शकेल, हे शास्त्रज्ञांनी नंतर ओळखले.

१०/
वारा पाण्यावर बारीक लहरी उमटवतो. उपग्रह सुमारे दोन सेंटिमीटर लांबीच्या सूक्ष्मलहरी तिरप्या सोडतो; पृष्ठभाग जितका खडबडीत, तितका प्रतिसाद प्रबळ. त्यावरून वेग कळतो. तीच जागा निरनिराळ्या कोनांतून पाहिली की दिशाही उलगडते. या उपकरणाचे नाव स्कॅटरोमीटर. म्हणजे उपग्रह वारा पाहत नाही, वाऱ्याने पाण्यावर काढलेली अक्षरे वाचतो.

११/
१९७८ चा अमेरिकी ‘सीसॅट’ जेमतेम साडेतीन महिने चालला, पण त्याने ही कल्पना सिद्ध केली. १९९९ चा ‘क्विकस्कॅट’ दहा वर्षे टिकला. तो नोव्हेंबर २००९ मध्ये थांबला, त्याच्या दोनच महिने आधी, २३ सप्टेंबर रोजी, इस्रोचा ‘ओशनसॅट-२’ श्रीहरिकोट्याहून निघाला होता. ७२० किलोमीटर उंचीवरून त्याची एक मीटरची फिरती थाळी एका फेरीत सुमारे १८४० किलोमीटर रुंदीचा समुद्र टिपत असे. इलियट यांच्या नोंदवह्यांपुढे हे चित्र ठेवून पाहा!

१२/
त्याचे स्कॅटरोमीटर २०१४ मध्ये बंद पडले. २६ सप्टेंबर २०१६ रोजी ‘स्कॅटसॅट-१’ आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘ईओएस-०६’ त्याच कामासाठी गेले. या यंत्रालाही मर्यादा आहेत: जोराच्या पावसात संकेत गढूळ होतो, आणि जमिनीवरचा वारा त्याला वाचताच येत नाही. अकोल्यावरून जाताना तो अकोल्याच्या वाऱ्याविषयी मुकाच असतो.

१३/
पण उपसागरावर वारे गोल फिरू लागले, की ही खूण त्याच्या नोंदींत दिसते आणि संगणकीय प्रारूपांत मिसळून पुढच्या काही दिवसांच्या अंदाजात उतरते. पेरणीनंतर पंधरा दिवस उघडीप पडली की दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा. कोरडवाहू शेतकऱ्याला त्या काही दिवसांचेच मोल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून निघणारा कृषी हवामान सल्ला अशाच अंदाजांवर बेतलेला असतो. तो आठवड्यातून दोनदा येतो, मंगळवारी आणि शुक्रवारी.