विद्यार्थ्याचें बिऱ्हाड

वसतिगृहाची खोली म्हटली कीं एक खाट, एक मेज, एक दिवा आणि एकटा विद्यार्थी, असेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. ब्रह्मचर्याश्रमाच्या जुन्या कल्पनेचा हा वारसा होय. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. सातारा जिल्ह्यांतील नायगांवच्या सावित्रीबाई फुले यांचा विवाह १८४० सालीं झाला. त्यांचें शिक्षण त्यानंतरचें. धोंडो केशव कर्वे १८८४ सालीं बी. ए. झाले, तेव्हां त्यांचा मुलगा रघुनाथ दोन वर्षांचा होता. विद्या आणि संसार हीं दोन्हीं एकाच वेळीं सांभाळण्याची रीत आपल्याकडे नवी नव्हे.

सातारच्या भूमीनें वसतिगृहालाच घरपण दिलें. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह सुरू केलें. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्यास शाहू छत्रपतींचें नांव मिळालें. निरनिराळ्या जातींचीं मुलें तेथें एका पंक्तीस जेवत. धान्य संपलें तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपलें मंगळसूत्रही दिलें. परंतु हा आधार एका माउलीच्या ममतेचा होता, कायद्याचा नव्हे.

कायद्याच्या दृष्टीनें वसतिगृहांतील विद्यार्थी सामान्यतः भाडेकरू नसतो. त्याचें राहणें १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यांतील परवानगीच्या जातीचें. नियम मोडला कीं ती परवानगी जाते. नियमांत एकट्यालाच जागा असली, तर मूल घेऊन राहणें हाच नियमभंग ठरतो. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदानें स्त्रिया व बालकें यांच्यासाठीं विशेष तरतूद करण्याची राज्याला मोकळीक दिली, सक्ती केली नाहीं.

सातारा जिल्ह्यांतून १९४९ सालीं दक्षिण सातारा निघाला व १९६० सालीं त्याचें नांव सांगली झालें. १९६२ पासून या दोन्हीं जिल्ह्यांस कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचें छत्र लाभलें. २०१६ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें संशोधक विद्यार्थिनींस बाळंतपण व बालसंगोपन यांकरितां २४० दिवसांपर्यंत रजा देण्याचा नियम केला. त्या नियमांत दिवस मोजले आहेत. निवाऱ्याचा उल्लेख नाहीं. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठानें विवाहित संशोधकांसाठीं महानदी हें स्वतंत्र वसतिगृह उभारलें, तेंही संस्थेच्या इच्छेनें.

रजा संपवून विद्यार्थिनी परतते, तेव्हां हातांत पुस्तक आणि कडेवर मूल असतें. लक्ष्मीबाईंनीं न मागतां जें दिलें, तें हक्कानें मागतां यावें, एवढेंच त्या मातेचें मागणें आहे.