घरचा कॉम्प्युटर नीट लावून घ्या : तारीख, भाषा, अपडेट आणि सुरक्षेच्या सेटिंग्ज

शिष्यवृत्तीचा अर्ज, हजचा फॉर्म, पासपोर्टची अपॉइंटमेंट, दुकानाचा जीएसटी, जमातीचा हिशेब. आज ही सगळी कामं बऱ्याच घरांत एकाच कॉम्प्युटरवर होतात. तो कॉम्प्युटर अनेकदा जुना घेतलेला किंवा कुणीतरी दिलेला असतो. आधीच्या मालकाने जशी सेटिंग ठेवली तशीच ती राहते. मग वेबसाइट उघडत नाही, तारीख उलटी पडते, मराठी टाइप होत नाही, आणि शेवटच्या दिवशी पोरं सायबर कॅफेच्या रांगेत उभी राहतात. यातल्या पुष्कळ अडचणींत मशीन बिघडलेलं नसतं, फक्त ते नीट लावलेलं नसतं.

इथे आम्ही विंडोज १० आणि विंडोज ११ या दोन प्रणालींबद्दल लिहीत आहोत. तुमच्याकडे कोणती आहे ते बघायचं असेल तर कीबोर्डवरची विंडोजची खूण असलेली की आणि 'आय' एकत्र दाबा. सेटिंग्जची खिडकी उघडेल. तिथे 'सिस्टीम' आणि मग 'अबाउट'मध्ये माहिती मिळते. पुढे दिलेली नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतील. दोन्ही प्रणालींत ती थोडी इकडेतिकडे असतात, पण सेटिंग्जच्या शोधपट्टीत नाव टाकलं की सापडतात.

आधी परतीची वाट ठेवा

काहीही बदलण्याआधी रिस्टोअर पॉइंट करून घ्या. स्टार्टच्या शोधपट्टीत 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' असं टाइप करा. उघडलेल्या खिडकीत सी ड्राइव्हसमोर 'ऑफ' दिसत असेल तर 'कॉन्फिगर'वर जाऊन 'टर्न ऑन सिस्टीम प्रोटेक्शन' निवडा. मग 'क्रिएट' दाबून आजच्या तारखेचं नाव द्या. पुढे काही फिसकटलं तर कॉम्प्युटर या ठिकाणी परत आणता येतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. यात तुमचे फोटो आणि कागदपत्रं जपली जात नाहीत, ती वेगळी पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या हार्ड डिस्कवर काढून ठेवावी लागतात.

दुसरा नियम साधा आहे. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहून ठेवायचा.

तारीख चुकली की वेबसाइट बंद

सरकारी वेबसाइट उघडताना 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' असा इशारा येतो, आणि लोक इंटरनेटवाल्याला फोन लावतात. अशा वेळी आधी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक प्रमाणपत्र असतं. ते कधीपासून कधीपर्यंत चालेल हे त्यात नमूद असतं. ब्राउझर ती मुदत तुमच्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळात २०१५ साल असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच झालेलं वाटत नाही, आणि तो दार लावून घेतो.

'टाइम अँड लँग्वेज'मध्ये 'डेट अँड टाइम'वर जा. 'सेट टाइम ऑटोमॅटिकली' सुरू करा. टाइम झोनमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी नावं असलेली '+०५:३०'ची ओळ निवडा. मग 'सिंक नाउ' दाबा.

डेस्कटॉप बंद करून पुन्हा लावल्यावर दर वेळी तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपलेला असण्याची शक्यता मोठी. तो बहुधा 'सीआर २०३२' नावाचा ३ व्होल्टचा सेल असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. वायर काढून, कॅबिनेट उघडून तो बदलता येतो. एवढ्या कामासाठी 'मदरबोर्ड गेला' असं कुणी सांगितलं तर दुसरीकडे विचारून घ्या.

५ जून की ६ मे?

बऱ्याच मशीनवर अमेरिकन पद्धत लावलेली असते. तिच्यात महिना आधी आणि दिवस नंतर येतो. एक्सेलमध्ये तुम्ही ०५/०६ लिहिता तेव्हा तुमच्या मनात ५ जून असतो, कॉम्प्युटर मात्र ६ मे समजतो. २५/०६ लिहिलं तर पंचविसावा महिना नसल्यामुळे तो त्याला तारीखच मानत नाही. तो मजकूर घराच्या डाव्या कडेला चिकटून राहतो. खरी तारीख उजवीकडे सरकते, ही ओळखायची खूण.

'टाइम अँड लँग्वेज'मधल्या 'रीजन'मध्ये 'रीजनल फॉरमॅट' 'इंग्लिश, इंडिया' करा. मोठे आकडेही मग १२,३४,५६७ असे आपल्या लाख-कोटींच्या स्वल्पविरामांनी दिसतील. मदरसा, पतसंस्था किंवा जमातीचा हिशेब ठेवणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं. कारण आधी चुकीच्या पडलेल्या तारखा सेटिंग बदलल्याने सुधारत नाहीत. ६ मे म्हणून साठलेली नोंद ६ मेच राहते, ती हातानेच दुरुस्त करावी लागते.

मराठी आणि उर्दू

दोन्ही भाषांसाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. 'लँग्वेज'मध्ये 'अ‍ॅड अ लँग्वेज' दाबून मराठी निवडा, मग तसंच उर्दू. 'सेट अ‍ॅज माय विंडोज डिस्प्ले लँग्वेज' या चौकटीतली खूण काढा, नाहीतर सगळा मेनूच बदलेल. एका भाषेतून दुसरीत जायला विंडोज की धरून स्पेसबार दाबायचा.

मराठीसाठी दोन कीबोर्ड मिळतात. एक इनस्क्रिप्ट. यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. जोडाक्षरासाठी मध्ये 'डी'ची की दाबून पाय मोडायचा. 'दुसऱ्या'मधला अर्धा र हवा असेल तर शिफ्टसह 'जे', मग 'डी', मग य. दुसरा फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायचा आणि मराठी शब्द उमटतो. विंडोज १०मध्ये तो २०१९च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून आहे. घरगुती कामाला फोनेटिक सोपा, पण नोकरीसाठी टायपिंग शिकणाऱ्या मुलांनी इनस्क्रिप्टचा हात बसवलेला बरा. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये लिहिलेला मजकूर वेबसाइटच्या फॉर्ममध्ये चिकटवला की अगम्य चिन्हं होतात. वरचे दोन्ही कीबोर्ड युनिकोडमध्ये लिहितात, म्हणून ही अडचण येत नाही.

उर्दूसाठी पुष्कळजण अरबी कीबोर्ड लावून घेतात. दिसायला चालून जातं, पण आत फरक पडतो. अरबीतले काफ आणि ये, अन् उर्दूतले काफ आणि ये, यांचे युनिकोड क्रमांक वेगळे आहेत. यादीत एकाने अरबी काफ वापरला आणि दुसऱ्याने उर्दू, तर तेच नाव शोधताना सापडेलच असं नाही. शिवाय टे, डाल, नून-गुन्ना, बडी ये ही अक्षरं साध्या अरबी कीबोर्डवर नसतात. म्हणून यादीतून 'उर्दू'च निवडा. नस्तालीक वळण हवं असेल तर 'उर्दू टाइपसेटिंग' हा फाँट विंडोजच्या जादा फाँटसंचात मिळतो. ओळ उजवीकडून सुरू करायला कंट्रोल आणि उजव्या बाजूची शिफ्ट एकत्र दाबा.

डोळ्यांना त्रास होऊ देऊ नका

घरातल्या मोठ्या माणसांना अक्षर लहान दिसतं म्हणून कुणीतरी रिझोल्यूशन कमी करून ठेवतं. त्याने अक्षर मोठं होतं, पण धुरकट होतं. 'सिस्टीम'मधल्या 'डिस्प्ले'त रिझोल्यूशन 'रेकमेंडेड' लिहिलेलंच ठेवा आणि 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के करा. रात्री अभ्यास करणाऱ्यांना तिथलंच 'नाइट लाइट' उपयोगी पडेल. त्याने पडद्याचा निळसर उजेड कमी होतो.

कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागतो

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा आणि 'स्टार्टअप' बघा. कॉम्प्युटर लावल्याबरोबर कोणकोणते प्रोग्राम आपोआप उठतात त्याची ती यादी आहे. रोज न लागणारे 'डिसेबल' करा. प्रोग्राम काढला जात नाही, गरज पडेल तेव्हा उघडतोच. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका. जागा कमी पडत असेल तर 'सिस्टीम'मधल्या 'स्टोरेज'मध्ये 'टेम्पररी फाइल्स' पुसता येतात. पण त्या यादीत 'डाउनलोड्स'ही असतं. त्यावर खूण असेल तर आधी काढा, नाहीतर उतरवून ठेवलेलं हॉलतिकीट आणि दाखलेही जातील.

अपडेट आणि मोबाइलचा डेटा

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कॉम्प्युटर चालवला की अपडेट दिवसाचा डेटा संपवतं, अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. त्यावर उपाय म्हणून अपडेट कायमचं बंद करणं धोक्याचं आहे. त्याऐवजी 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये त्या हॉटस्पॉटच्या नावाखाली 'मीटर्ड कनेक्शन' सुरू करा. मग बहुतेक अपडेट त्या जोडणीवर उतरत नाहीत. महिन्यातून एकदा तरी वायफाय असलेल्या ठिकाणी अपडेट पूर्ण करून घ्या. अर्जाची मुदत जवळ असेल तर 'पॉज अपडेट्स'ने काही दिवस थांबवता येतं.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कॉम्प्युटर चालत राहील, पण नव्याने सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटी आपोआप बुजवल्या जाणार नाहीत. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची वाढीव सुरक्षा योजना आहे, तिची नोंदणी 'विंडोज अपडेट'च्या पानावरूनच होते. विंडोज ११साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० आणि त्यांच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचं मशीन असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचं. जुनं मशीन या अटीत बसत नसेल आणि फक्त ब्राउझरवरची कामं असतील, तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणालीही विचारात घ्या. नवा सेकंडहँड कॉम्प्युटर घेताना या अटी दुकानातच तपासा.

चोरवाटा बंद करा

तीन गोष्टी आजच करा. पहिली, मुलांसाठी वेगळं खातं. 'अकाउंट्स'मधून जोडलेलं नवं खातं 'स्टँडर्ड' असतं. त्यातून नवा प्रोग्राम घालायला बहुतेक वेळा मुख्य खात्याचा पासवर्ड लागतो. म्हणून तुमच्या मुख्य खात्याला पासवर्ड ठेवाच.

दुसरी, फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' सुरू करा. ईमेलने आलेलं बिल नावापुरतं 'पीडीएफ' असतं आणि शेवटी 'ईएक्सई' लपलेलं असतं. ते उघडणं म्हणजे अनोळखी प्रोग्राम चालवणं.

तिसरी सेटिंगमध्ये नाही, वागण्यात आहे. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असं सांगणारा फोन आला किंवा पडद्यावर नंबर झळकला, तर तो फसवणुकीचा समजा. कुणाच्या सांगण्यावरून स्क्रीनचा ताबा देणारं अ‍ॅप घालू नका. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम थांबवली जाण्याची शक्यता जास्त.

रजिस्ट्री आणि बायोस या दोन ठिकाणी व्हिडिओ बघून बदल करू नका. आज वेळ कमी असेल तर रिस्टोअर पॉइंट, तारीख आणि पासवर्ड एवढं उरका. बाकीचं पुढच्या सुट्टीच्या दिवशी, घरातल्या मुलांना शेजारी बसवून करा, म्हणजे पुढच्या वेळी तीच तुम्हाला करून देतील.