कर्नेलच्या घरातली पळवाट

लिनक्स सुरू होतं तेव्हा पहिले काही क्षण त्याचा गाभा, म्हणजे कर्नेल, एकटंच असतं. पहिला प्रोग्रॅम अजून सुरू व्हायचा असतो, पण त्याच्यासाठी कन्सोलची फाइल आधीच उघडून ठेवावी लागते आणि तिच्या जोडीला आणखी दोन वाटा तयार कराव्या लागतात: एक लिहायला, एक चुका कळवायला. हे काम कर्नेल वर्षानुवर्षं 'सिस-ओपन' एकदा आणि 'सिस-डप' दोनदा बोलावून करत असे. ही दोन्ही फंक्शनं म्हणजे 'सिस्टीम कॉल', खरं तर बाहेरच्या प्रोग्रॅमांना कर्नेलकडून काम करून घेता यावं म्हणून बांधलेली. बँकेच्या मॅनेजरनं आपल्याच शाखेत टोकन घेऊन काउंटरसमोर उभं राहावं, तसा हा प्रकार.

त्यात सोय होती, हे मान्य करायला हवं. फाइल उघडण्याचा, फोल्डर तयार करण्याचा, डिस्क जोडण्याचा कोड तयारच होता आणि सी भाषेत तो साध्या फंक्शनसारखा बोलावता येत होता. मग तोच पुन्हा कोण लिहिणार?

अडचण एकच होती. सिस्टीम कॉल येणाऱ्या पत्त्यावर विश्वास ठेवत नाही. प्रोग्रॅमनं 'इथला मजकूर वाच' म्हणून मेमरीतला पत्ता दिला, तर तो प्रोग्रॅमच्याच हद्दीतला आहे की नाही हे आधी तपासलं जातं. कर्नेलनं स्वतःच्या हद्दीतला पत्ता दिला की तीच तपासणी त्यालाही अडवते.

यावरची पळवाट लिनक्सच्या बाळपणातच निघाली. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर प्रोग्रॅमच्या मेमरीकडे बघण्यासाठी 'एफएस' नावाचं रजिस्टर वापरलं जाई. ते घटकाभर कर्नेलच्या मेमरीकडे वळवलं की काम फत्ते, आणि ते वळवणारं फंक्शन म्हणजे 'सेट-एफएस'. पुढे तपासणीतून हे रजिस्टर हद्दपार झालं आणि त्याच्या जागी पत्त्याची एक साधी कमाल मर्यादा आली. नाव मात्र तेच राहिलं. हे नाव साफ चुकीचं असून केवळ इतिहासामुळे टिकलं आहे, अशी कबुली खुद्द कर्नेलच्या कोडमधल्या टिपेतच होती.

रीत अशी: मर्यादा उठवायची, सिस्टीम कॉल बोलवायचा, मर्यादा पूर्ववत करायची. यातली तिसरी पायरी राहिली तर?

२०१०मध्ये नेल्सन एल्हेज यांनी नेमकं हेच दाखवलं. मर्यादा उठलेली असतानाच कर्नेलच्या कोडमध्ये बिघाड झाला, तर ज्या प्रोग्रॅमसाठी तो कोड चालू होता तो संपवला जातो आणि मर्यादा पूर्ववत करणाऱ्या ओळीपर्यंत कोड पोहोचतच नाही. प्रोग्रॅम संपवताना कर्नेल त्याच प्रोग्रॅमनं आधी सांगून ठेवलेल्या पत्त्यावर शून्य लिहितं. आता तपासणी बंद, म्हणजे हा पत्ता कर्नेलच्या मेमरीतला असला तरी शून्य तिथे जाऊन बसणार! एका शून्यानं काय होतं, असं वाटेल. पण योग्य जागी पडलेलं शून्य हल्लेखोराला यंत्राचा सर्वाधिकार मिळवून द्यायला पुरतं. दुरुस्ती छोटी होती: प्रोग्रॅम संपवण्याआधी मर्यादा पुन्हा लावणं. पळवाट मात्र तशीच राहिली.

तिच्यावर पहिला मोठा घाव पडला तो वेगळ्याच कारणानं. जानेवारी २०१८मध्ये 'स्पेक्टर' हा प्रोसेसरमधला दोष जाहीर झाला आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक आकड्याकडे संशयानं पाहणं आलं. ६४ बिटांच्या इंटेल-एएमडी यंत्रांवर सिस्टीम कॉलला जास्तीत जास्त सहा रजिस्टरांतून माहिती देता येते. कॉलला एकच हवं असलं तरी सहाही रजिस्टरांतला मजकूर आतल्या फंक्शनांपर्यंत झिरपत असे. डॉमिनिक ब्रोडोव्स्की यांच्या पॅचमालिकेनं ही पद्धत बदलली. आता सिस्टीम कॉलच्या हाती जतन केलेल्या रजिस्टरांची पेटीच दिली जाते आणि त्यातून तो हवं तेवढंच काढून घेतो. जून २०१८च्या ४.१७ आवृत्तीत हे आलं. अशा फंक्शनला आतून साधेपणानं बोलावणं आता अशक्यच. म्हणून त्याच मालिकेत आतली बोलावणी आधी शोधून काढली गेली आणि त्यांच्या जागी 'के-सिस' आडनावाची मदतनीस फंक्शनं बसवली गेली.

ती बरीचशी तडजोडच होती. क्रिस्टोफ हेलविग यांनी २०२०मध्ये पुढची साफसफाई काढली. बूटच्या वेळची डिस्क जोडणं, फोल्डर बनवणं ही कामं 'इनिट' उपसर्गाच्या स्वतंत्र फंक्शनांकडे गेली आणि ती कर्नेलमधला पत्ता उजळ माथ्यानं घेतात. त्याच वर्षीच्या ५.१० आवृत्तीत इंटेल-एएमडी यंत्रांवरून 'सेट-एफएस' गेलं. इतर प्रोसेसरांची रांग सरायला आणखी दीड वर्ष लागलं. मे २०२२च्या ५.१८मध्ये ते पुरतं निघालं.

'के-सिस' घराण्यातली काही मंडळी अजून टिकून आहेत. नवा सिस्टीम कॉल कसा लिहावा हे सांगणाऱ्या कर्नेलच्या अधिकृत मार्गदर्शिकेत मात्र तो आतून बोलावू नये, असा स्वतंत्र विभागच आहे. अपवादाची मुभा आहे ती मुख्यतः त्या-त्या प्रोसेसरपुरत्या कोडला.