सी एंजल मोहीम

सी एंजल मोहीम : बांगलादेशातील वादळग्रस्तांसाठी अमेरिकी सैन्याने मे-जून १९९१ मध्ये राबवलेली मदतमोहीम. परदेशात मदतीला गेलेल्या फौजेचे काम यजमान देशाच्या राजकीय गरजेशी कसे जुळवावे, याचा हा उत्तम धडा आहे.

२९ एप्रिल १९९१ च्या रात्री चितगावच्या किनाऱ्यावर ताशी सुमारे २५० किमी. वेगाचे चक्रीवादळ आदळले. सहा मीटर उंच उधाणाने संद्वीप, कुतुबदिया ही बेटे झोडपली. सुमारे १,३८,००० माणसे दगावली. मदतीचे सामान देशात होते, पण रस्ते आणि पूल तुटल्याने ते बेटांवर पोचत नव्हते. त्यात देश लष्करी राजवटीतून नुकताच बाहेर पडलेला. खालिदा झिया पंतप्रधान होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. परकी फौज तळ ठोकून बसलेली दिसणे नव्या सरकारला परवडणारे नव्हते.

मोहिमेचे प्रमुख मेजर जनरल हेन्री स्टॅकपोल यांनी हे नेमके ओळखले. आखाती युद्धावरून परतणारा ताफा बंगालच्या उपसागरात वळवण्यात आला. सुमारे सात हजार सैनिकांचा मुक्काम जहाजांवरच ठेवला. रात्री किनाऱ्यावर पाचशेहून अधिक अमेरिकी सैनिक राहणार नाहीत, असा दंडक घातला. मदतकार्याची सूत्रे बांगलादेश सरकारकडेच राहिली. स्वयंसेवी संस्थांना सोबत घेतले, आणि हेलिकॉप्टरांनी व बोटींनी धान्य-पाणी वाहून नेले. जूनच्या मध्यापर्यंत काम आवरते घेतले गेले. ताफा १५ मे रोजी पोचला, म्हणजे पुरात अडकलेल्यांना वाचवण्याची वेळ तेव्हा केव्हाच टळली होती. मोहिमेचे मोल वाचलेल्यांना जगवण्यात आहे.

सतरा वर्षांनी म्यानमारमध्ये उलटे घडले. मे २००८ मधील नर्गिस वादळाने इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात तेवढाच संहार केला. वादळाला चार दिवसही झाले नव्हते, तोच अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी पत्रकार परिषद घेऊन तेथील लष्करशहांवर टीका केली. आधीच धास्तावलेल्या राजवटीला अमेरिकी मदतीमागे सत्तांतराचा डाव दिसणे स्वाभाविक होते. विमानांनी आलेले सामान तिने यांगूनला उतरवू दिले. पण हेलिकॉप्टरांसह किनाऱ्यापासून दूर थांबलेल्या अमेरिकी नौदलाच्या ‘एसेक्स’ ताफ्याला परवानगी मिळाली नाही. ५ जूनला तो परत फिरला. ज्या भारताशी या राजवटीचे कामापुरते का होईना संबंध होते, त्याच्या ‘राणा’ आणि ‘कृपाण’ या युद्धनौका मात्र पहिल्याच आठवड्यात मदत घेऊन यांगूनला पोचल्या होत्या.