मोटारीच्या वेगाचे साक्षीदार

देवळाली कॅम्पहून मुंबईस निघालेल्या ऑटोमॅटिक मोटारीचा वेगाचा कांटा एकाएकीं शून्यावर पडतो, गिअर धक्के देऊं लागतो आणि पुढें कसारा घाट उतरावयाचा असतो. मिस्त्री गिअरबॉक्स खोलावयास निघतो. त्यानें आधीं थोडा इतिहास ऐकावा.

ऑटो शुल्झे यानें १९०२ सालीं चुंबकीय वेगमापकाचें पेटंट घेतलें. पुढें मोटारींत कांट्यास वेग कळे तो फिरत्या केबलवरून. १९४० च्या ओल्डस्मोबिलमधील 'हायड्रामॅटिक' गिअरबॉक्सला मात्र तो गव्हर्नरच्या फांकणाऱ्या वजनांवरून कळे. साक्षीदार दोन होते. केबल तुटली तरी गिअर बिघडत नसे. नंतर विजेचा सेन्सर आला आणि पुष्कळ गाड्यांत दोहोंचा साक्षीदार एकच झाला. म्हणून दोन्ही दोष एकदम दिसले, तर प्रथम तो सेन्सर व त्याच्या तारा तपासाव्या; गिअरबॉक्स बहुधा निर्दोष असतो.